सर्टिफिकेटवरच्या दोन तारखा

पहिल्यांदाच स्वतः सेल लाइन (लॅबमध्ये पुन्हा पुन्हा वाढवता येणाऱ्या पेशी) मागवणाऱ्या पीएचडीच्या मुलामुलींनी हे जरूर वाचा.

मी पुण्यात पाषाणला एका छोट्या लॅबमध्ये काम करते. आम्हाला एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या) पेशी हव्या होत्या. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएसची (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राची) रिपॉझिटरी, म्हणजे पेशींचा साठा आहे, पण मला घाई होती. एक विक्रेता म्हणाला, "दोन दिवसांत देतो, मायकोप्लाझ्मा-फ्री, सर्टिफिकेटसकट." मायकोप्लाझ्मा म्हणजे वाढवलेल्या पेशींना लागणारा अगदी बारीक बॅक्टेरिया. मी दोन व्हायल (गोठवलेल्या पेशींच्या कुप्या) घेतल्या.

चार महिने काम केलं. मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) अगदी स्वच्छ. नेहमीचे बॅक्टेरिया लागले की मीडियम गढूळ होतं, पिवळं पडतं, लगेच कळतं. मायकोप्लाझ्मा तसा दिसत नाही. त्याला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही, आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. माझ्या पेशी जरा मंद वाढत होत्या आणि एमटीटीचे (किती पेशी जिवंत आहेत ते मोजणाऱ्या चाचणीचे) आकडे दर वेळी वेगळे येत होते, एवढंच. मी माझ्या पिपेटिंगलाच दोष देत राहिले.

शेवटी शेजारच्या लॅबमधल्या ताई म्हणाल्या, "अगं, एकदा डॅपी लावून बघ." डॅपी हा डीएनएला चिकटून निळा चमकणारा रंग. पेशींची केंद्रकं गोल, ठळक निळी दिसली. पण त्यांच्याभोवती, जिथे नुसता काळोख हवा तिथे, बारीक निळे ठिपके रवा सांडल्यासारखे पसरलेले, म्हणजे मायकोप्लाझ्माचा डीएनए. पोटात गोळाच आला. पीसीआरही (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह.

विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: "मॅडम, तुमच्याच लॅबमध्ये लागलं असणार." असं होतंही, त्यामुळे मी गप्पच बसले असते. पण दुसरी व्हायल लिक्विड नायट्रोजनमध्ये तशीच बंद होती. ती दुसऱ्या लॅबमध्ये नेऊन उघडली, तपासली. तीही पॉझिटिव्ह.

त्या रात्री सर्टिफिकेट पहिल्यांदा नीट वाचलं. पद्धत: अगार कल्चर (अगारवर मायकोप्लाझ्मा वाढतो का ते बघणं), २८ दिवस. नमुना मिळाल्याच्या आणि रिपोर्टच्या तारखांमध्ये अंतर फक्त ६ दिवसांचं! लॉट नंबरही व्हायलवरच्या नंबरशी जुळत नव्हता. हा कागद चार महिने माझ्या फाइलमध्ये होता.

आता नवी व्हायल कुठूनही येवो, आधी तारखा आणि लॉट नंबर ताडून बघते. पेशी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, अँटिबायोटिकशिवाय दोन पॅसेज (दोनदा नव्या भांड्यात हलवून) वाढवते आणि पीसीआर निगेटिव्ह आल्यावरच बाकीच्यांसोबत ठेवते. तुम्हीही एक व्हायल न उघडता राखून ठेवा. ती नसती तर माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता.

विक्रेता आता फोन उचलत नाही. पीसीआरच्या जेलचा फोटो आणि सर्टिफिकेट जोडून लेखी तक्रार सरांच्या सहीने पाठवली आहे.