शाळेतील आरोग्य तपासणी : पाहणी चोख, पण चिठ्ठी घरी पोचली पाहिजे

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील आमच्या वाड्यावरच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत गेली दोन वर्षे मी पालक-शिक्षक संघाचे काम पाहते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांना तपासते आणि ती तपासणी दोन्ही वर्षे मी सकाळपासून शेवटपर्यंत तिथे बसून पाहिली. सेवा विनामूल्य असल्यामुळे तिच्या गुणदोषांविषयी सहसा कोणी लिहीत नाही. परंतु जिचा आपल्या मुलांच्या प्रकृतीशी थेट संबंध आहे, तिच्याविषयी पालकांनीच लिहिले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

हा कार्यक्रम 2013 साली सुरू झाला आणि जन्मापासून 18 वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात. जन्मजात व्यंग, पोषणातील कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब अशा चार अंगांनी मुलाला पाहायचे, जे घरी दिसत नाही ते वेळेत हेरायचे आणि पुढच्या उपचारांसाठी पाठवायचे, हा त्यामागचा विचार आहे. वजन, उंची, दात, कान, त्वचा, हृदयाचे ठोके हे सगळे एका सकाळी आटोपते. दात आणि कान जरा घाईत पाहिले जातात, असे मला दोन्ही वर्षे वाटले. रांग लांब असते आणि पथकाला त्याच दिवशी दुसऱ्या शाळेतही जायचे असते.

डोळ्यांच्या तपासणीत मात्र घाई नव्हती. परिचारिकेने व्हरांड्यात टेपने मोजून 6 मीटरवर खडूची रेघ ओढली आणि समोरच्या भिंतीवर तक्ता लावला. लहान मुले अक्षरांत अडखळू नयेत म्हणून त्यावर एकच खूण चार दिशांना वळवून छापलेली होती. तिची उघडी बाजू कुठे आहे, ते मुलाने हाताने दाखवायचे. एक डोळा तळहाताने झाकला की मुले बोटांच्या फटीतून हमखास पाहतात, हे ओळखून तिने प्रत्येकाच्या हाती पुठ्ठ्याचा तुकडा दिला. रांगेत उभ्या असलेल्या एका मुलाने दिशांचा क्रम ऐकूनच पाठ केल्याचे तिच्या लक्षात आले, तेव्हा तिने त्याला शेवटच्या ओळीपासून उलटे विचारायला सुरुवात केली. इतकी दक्षता मी पैसे मोजून केलेल्या तपासणीतही पाहिलेली नाही.

पहिल्या वर्षी याच रेघेवर माझ्या मुलीचा डावा डोळा अधू असल्याचे कळले. ती तेव्हा दुसरीत होती. उजव्या डोळ्याने तिने शेवटची ओळ वाचली आणि डाव्याने वरच्या दोन ओळींपलीकडे तिला काहीच सांगता येईना. दोन्ही डोळे उघडे असताना ती व्यवस्थित वाचत असे, म्हणून घरात कोणालाच शंका आली नव्हती. नेत्रतज्ज्ञांनी पुढे समजावून सांगितले की, एका डोळ्याचे चित्र सतत अस्पष्ट येत राहिले तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. मग चष्म्याबरोबर चांगला डोळा रोज काही तास झाकून दुबळ्या डोळ्याला कामाला लावावे लागते. सात-आठ वर्षांच्या आत हे सुरू झाले तर गुण चांगला येतो. वय वाढते तसे ते कठीण होत जाते.

माझी तक्रार आहे ती इथेच. मी स्वतः हजर होते म्हणून मला त्याच दिवशी कळले. तपासणीत काही आढळले की पुढच्या उपचारांसाठी पाठवण्याची चिठ्ठी मुलाच्याच हाती देतात. तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाची अशी चिठ्ठी त्याच्या आईला वीस दिवसांनी दप्तराच्या तळाशी, तेलाने माखलेली आणि अर्धी फाटलेली सापडली. तिच्यावर काय लिहिले आहे, ते वाचता येत नव्हते आणि कोठे जायचे, ते तिला कोणी सांगितले नव्हते. इतक्या काळजीने केलेली पाहणी अशी सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दप्तरावर सोपवून द्यावी, हे मला फार लागले.

गोळ्यांचेही थोडेफार असेच आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी द्यायची असते आणि जंताची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते, हे शिक्षकांना ठाऊक असते. पण चहामुळे लोह अंगी कमी लागते, हे घरी कोण सांगणार? आमच्याकडे पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव आणि चहा यावरच कित्येक मुलांची सकाळ निघते. गोळी माध्यान्ह आहारानंतर द्यावी आणि त्या सुमारास चहा टाळावा, एवढे वाक्य पालकांच्या सभेत सांगितले तरी पुष्कळ फरक पडेल. गोळीमुळे शौचास काळे होते, हेही आधीच सांगावे. नाहीतर घाबरलेले पालक गोळीच बंद करतात, असे मी दोन घरांत पाहिले आहे.

एवढे असूनही ही सेवा मी प्रत्येक पालकाला आग्रहाने सुचवीन. तपासणीची तारीख शाळेत विचारून ठेवा, जमल्यास त्या सकाळी हजर राहा, आणि मुलाचे जुने औषधोपचाराचे कागद असतील तर सोबत न्या. डॉक्टरांनी आमच्यापैकी कोणाचाही प्रश्न टाळला नाही.

यंदा आम्ही संघाच्या बैठकीत ठराव करून घेतला की चिठ्ठी मुलाच्या हाती न देता बाईंनी ती पालकाच्या सहीनेच द्यावी आणि नोंद एका वहीत ठेवावी. या तपासणीत सात चिठ्ठ्या निघाल्या. पाच पालक सही करून चिठ्ठी घेऊन गेले. उरलेल्या दोन घरी येत्या शनिवारी बाई आणि मी जाणार आहोत.