कॉलेजात नाव घालायचं की ऑनलाइन पदवी घ्यायची?

नागपुरात नंदनवनला माझी बत्तीस खुर्च्यांची अभ्यासिका आहे. बारावीचा निकाल लागला की कुणी ना कुणी पालक येऊन विचारतात, "सर, पोरीले कॉलेजात टाकू का ऑनलाइन बी.कॉम. करू देऊ? घरी वायफाय हाये, लॅपटॉपही घेऊन देला." वायफायचं ठीक आहे. मी विचारतो, पोरगी कुणी न सांगता अभ्यासाला बसते का?

2010 मध्ये तैवानमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑनलाइन शिकणाऱ्या 1,051 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची तयारी त्यात पाच बाजूंनी तपासली होती. संगणक हाताळण्याचा आत्मविश्वास, शिकण्याची ओढ आणि ऑनलाइन संवाद यांत मुलं चांगली निघाली. कमी पडली ती स्वतःचा अभ्यास स्वतः आखण्यात आणि स्क्रीनसमोर मन ताब्यात ठेवण्यात. वरच्या वर्गांतली मुलं खालच्या वर्गांपेक्षा जास्त तयार होती. माझ्या खुर्च्यांवर मला हेच दिसतं.

गेल्या वर्षी ऑनलाइन पदवी करणारे दोघं एकाच रांगेत बसायचे. मुलगा कळमना मार्केटमध्ये एका अडत्याकडे हिशेब लिहायचा. संध्याकाळी सातला यायचा, डब्याला टेकवून फोन उभा करायचा, एक व्याख्यान ऐकायचा आणि फोन उलटा ठेवून तेच वहीत स्वतःच्या शब्दांत उतरवायचा. अडलं की पानाच्या कडेला प्रश्नचिन्ह. रविवारी ती सगळी प्रश्नचिन्हं एकत्र करून शिक्षकांना पाठवायचा. भंडाऱ्याहून आलेल्या मुलीकडे नवा लॅपटॉप होता, वेगवान नेट होतं आणि तिची बुद्धी त्याच्यापेक्षा तल्लख होती. पण ऑक्टोबरमध्ये तिच्या यादीत न पाहिलेली एकोणीस व्याख्यानं होती. ती आळशी नव्हती. तोवर तिचा दिवस शाळेच्या घंटेने आखून दिला होता आणि ती घंटा अचानक बंद झाली, हे मला फार लागलं.

अठराव्या वर्षी नियमित कॉलेजचा खरा फायदा मला त्या घंटेतच दिसतो. दहाचा तास, हजेरी, शेजारच्या बाकावरचा मित्र. न कळलेलं तिथल्या तिथे विचारता येतं. ऑनलाइनमध्ये प्रश्न टाइप करावा लागतो, आणि नेमकं काय कळलं नाही हेच ज्याला कळलेलं नाही त्याला तो टाइप करता येत नाही. पहिल्या वर्षाची बरीच मुलं इथेच गप्प होतात.

ऑनलाइनची बाजू मजबूत होते ती कमावत्या मुलासाठी, घरी आजारी माणूस असलेल्या मुलीसाठी आणि गोंदियाच्या आतल्या गावातून येणाऱ्यांसाठी. अनुदानित कॉलेजची फी परवडते, पण नागपुरातली खोली आणि मेस परवडत नाही. घरी राहून शिकलं तर तो खर्च वाचतो. फीची तुलना करताना हा आकडा सोडू नका.

मान्यतेची भीती मात्र काढून टाका. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. अट एकच: ज्या सत्रात प्रवेश घ्याल त्यासाठी संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं नाव यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत हवं. फोनवरच्या समुपदेशकाच्या शब्दावर जाऊ नका, यादी स्वतः उघडा. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या अशा पद्धतीने घेता येत नाहीत, तिथे कॉलेजच.

इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही तिसरी वाट. दोघांचीही विभागीय केंद्रं नागपुरात आहेत. हातात छापील पुस्तक लागतं, नेट कमी आहे, अशांना मी आधी तिकडे पाठवतो.

बारावीतून थेट येणाऱ्यासाठी माझं मत ठाम आहे: यंदा कॉलेजचा प्रवेश सोडू नका, आणि सोबत केंद्र सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर जुलैच्या सत्रातला बारा आठवड्यांचा एक एनपीटेल (आयआयटींचा उपक्रम) कोर्स घ्या. शिकायला पैसे लागत नाहीत, फी फक्त परीक्षेची. दर आठवड्याला स्वाध्याय, आणि तो जमा करायची मुदत सहसा बुधवारी रात्री संपते. बारापैकी उत्तम आठ स्वाध्यायांचे 25 गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे 75. या कोर्सचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरले जाऊ शकतात, पण तुमचं कॉलेज ते धरतं का, हे आधी कार्यालयात विचारा.

मग पहिले सहा बुधवार पाहा. आईने आठवण न करता, रात्री साडेअकराची धावपळ न होता पाच स्वाध्याय जमा झाले असतील, तर तयारी आहे. ऑनलाइन पदव्यांचे प्रवेश जानेवारी-फेब्रुवारीतही होतात, आणि 2022 पासून एक नियमित व एक ऑनलाइन अशा दोन पदव्या एकाच वेळी करता येतात. तेव्हा फॉर्म भरा. दोनच जमा झाले असतील तर कॉलेजच्या तासांना बसा, आणि पुढच्या जुलैत पुन्हा एक कोर्स घेऊन बघा.