एक्सेलमधून लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये: फाइल नीट उतरते का?

साधी हिशेबाची एक्सएलएसएक्स (एक्सेलची नेहमीची) फाइल कॅल्क, म्हणजे लिब्रेऑफिस या मोफत संचातला एक्सेलसारखा प्रोग्राम, सहज उघडतं. बेरजा, फिल्टर, रंग बहुतेक जसेच्या तसे येतात. कॅलिब्री फॉन्ट नसेल तर त्याच मापाचा कार्लिटो बसतो, त्यामुळे छपाईची पानं फारशी हलत नाहीत.

खरी मेख सूत्रांत आहे. मूळ सेटिंगवर कॅल्क एक्सेलच्या फाइलची आकडेमोड नव्याने करत नाही, साठवलेली उत्तरंच दाखवतं. म्हणून आधी कंट्रोल+शिफ्ट+एफ९ दाबा आणि मगच जुन्या बेरजांशी ताळा करा. एक्सलुकअप हे तक्त्यातून नोंद शोधून देणारं सूत्र लिब्रेऑफिसच्या २४.८ आवृत्तीपासून मिळतं. त्याआधीची आवृत्ती असेल तर तिथे एरर येणारच. व्हीबीए मॅक्रोंचा, म्हणजे एक्सेल फाइलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांचा, भरवसा धरू नका. छोटे चालतात, फॉर्म असलेले बरेचदा अडतात.

सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलच्या) बाबतीत मात्र कॅल्क मला एक्सेलपेक्षा सरस वाटतं. फाइल उघडतानाच ते एका खिडकीत सगळं विचारून घेतं. कॅरेक्टर सेट 'युनिकोड (यूटीएफ-८)' ठेवा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. त्याच खिडकीत खाली दिसणाऱ्या नमुन्यात खाते क्रमांकाच्या स्तंभावर क्लिक करून प्रकार 'टेक्स्ट' करा. हे राहिलं तर सुरुवातीची शून्यं गळतात, आणि १६ आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडाही बदलू शकतो, कारण संख्या म्हणून १५ आकडेच खात्रीने टिकतात. नंतर स्तंभाचं फॉरमॅट बदललं तरी गेलेली शून्यं परत येत नाहीत. फाइल पुन्हा उघडावी लागते.

पुढचं काम कॅल्कमध्येच करणार असाल तर ओडीएसमध्ये (कॅल्कच्या स्वतःच्या फाइल प्रकारात) साठवा, आणि मूळ एक्सेल फाइलची प्रत मात्र हात न लावता ठेवा.