'फुल्ली अपग्रेडेड' एअरसॉफ्ट गन आणि 'बॅलिस्टिक' गॉगल: मला कसं फसवलं ते वाचा, मगच टोकन टाका

गनमध्ये फसवलं ते एक वेळ सोडून दिलं असतं, पार्ट बदलता येतात. पण त्याच माणसाने त्याच खोक्यात जो गॉगल 'बॅलिस्टिक (गोळीचा मार झेलणारा) आहे, बिनधास्त घाला' म्हणून पाठवला होता तो बघितल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे टाइप करतोय. लांबलचक होणारे, पण सेकंडहँड एअरसॉफ्टचा (प्लास्टिकच्या गोळ्या मारणाऱ्या गनने खेळायच्या खेळाचा) सेट घ्यायच्या विचारात असाल तर पूर्ण वाचा.

जाहिरात अशी होती: एम४ रायफलसारखी इलेक्ट्रिक गन, मेटल बॉडी, आत एम१२० स्प्रिंग (कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा जोरदार), स्टील गिअर, ६.०३ मिलिमीटरचं टाइटबोअर (आतून जरा अरुंद) बॅरल, मॉसफेट (ट्रिगरचा करंट सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवलेला, दोन लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या, गॉगल, खालचा जाळीचा मास्क आणि वर बीबींचं (प्लास्टिकच्या गोळ्यांचं) पाकीट फ्री. फोटो एकदम झकास. माणूस बोलायला इतका गोड की विचारू नका, "दादा, मी स्वतः जपून वापरलीये, आता वेळ मिळत नाही म्हणून जड मनाने काढतोय" वगैरे. आणि लगेच पुढचा मेसेज, अजून दोघं मागे लागलेत, तुम्हाला हवी असेल तर आत्ता टोकन टाका. पुरावा म्हणून त्याने क्रोनोचा (गोळीचा वेग मोजणाऱ्या मशीनचा) व्हिडिओ पाठवला, एक शॉट, स्क्रीनवर ३९० एफपीएस (सेकंदाला फूट). एम१२० स्प्रिंगवर साधारण एवढाच आकडा यायला हवा, म्हणजे सगळं जुळत होतं. मागून मस्त म्युझिक लावलेलं, ते का लावलेलं हे पुढे येईलच.

सेट आला, पॅकिंग व्यवस्थित, गन हातात घेतल्यावर वजनदार. मैदानावर नेली, तिथे खेळायच्या आधी सगळ्यांच्या गन क्रोनोवर चेक होतात, मार्शलने (मैदानावर नियम सांभाळणाऱ्या माणसाने) आपल्या डब्यातल्या ०.२० ग्रॅमच्या बीबी घातल्या आणि मारल्या तर आकडा ३०० च्या आसपास. परत मारल्या, तेच. ३९० गेले कुठे? मार्शल हसला आणि म्हणाला की ज्याने व्हिडिओ काढला त्याने ०.१२ च्या बीबी घातल्या असणार.

हा प्रकार नीट समजून घ्या कारण सगळी फसवणूक ह्यावरच उभी आहे. स्प्रिंग बीबीला जी ऊर्जा देते ती साधारण तेवढीच राहते, बीबी हलकी असली की वेग वाढतो आणि जड असली की कमी होतो. एक ज्यूलच्या गनमधून ०.२० ची बीबी ३२८ एफपीएसने जाते, तीच गन ०.२५ ला २९३ दाखवेल आणि ०.१२ ला ४२० च्या वर. म्हणून एफपीएसचा आकडा नुसता सांगण्याला काही अर्थच नाही, सोबत बीबीचं वजन पाहिजे. माझ्या केसमध्ये ०.१२ वर ३९० म्हणजे ०.२० वर साधारण ३०२, हिशोब चोख बसतो. आणि क्रोनोवर ज्यूलचा आकडा दिसतो म्हणून विश्वास ठेवू नका, मशीन फक्त वेग मोजतं, वजन तुम्ही हाताने भरता. त्याच्या व्हिडिओत वजन ०.२० भरलेलं होतं म्हणून ज्यूल १.४१ दिसत होते, खरे होते ०.८५.

आता कोणी म्हणेल ३०० एफपीएस काय वाईट आहे? अजिबात वाईट नाही. जपानमध्ये कायद्याची मर्यादाच ०.९८ ज्यूलच्या आसपास आहे, तिथल्या गन ३०० च्या आतबाहेर मारतात आणि तरी लांबचा माणूस टिपतात, कारण अचूकपणा येतो हॉप-अपच्या (बीबीला फिरकी देणाऱ्या भागाच्या) रबरातून, बॅरलच्या स्वच्छतेतून आणि चांगल्या बीबीतून. एफपीएसचं वेड आपल्यालाच आहे आणि हे विकणारे बरोबर त्याच नाडीवर बोट ठेवतात. तक्रार ३०० ची नाहीच, एम१२० चे आणि लेबरचे जास्तीचे पैसे घेऊन आत कंपनीची साधी स्प्रिंग ठेवली ही आहे.

दुसरी गोष्ट मैदानावरच कळली, आवाज. ट्रिगर दाबला की कर्कश किंचाळल्यासारखा आवाज यायचा, म्हणजे गिअरमधलं शिमिंग (बारीक चकत्या घालून फटी जुळवणं) बिघडलेलं किंवा मोटरची उंची चुकलेली. हेच त्या म्युझिकखाली दडवलेलं. त्यामुळे व्हिडिओ मागताना स्पष्ट सांगायचं की गाणं नको, दार बंद कर, सेमीवर (एकेक शॉट) आणि ऑटोवर (सलग) दोन्ही मार, आणि मारणं थांबल्यावर दोन सेकंद कॅमेरा चालू ठेव.

मग एका जाणकाराकडे गिअरबॉक्स उघडला, आणि उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढला, ही एक गोष्ट फार उपयोगी पडली. आत ग्रीस इतकं थापलेलं की श्रीखंडाच्या डब्यात हात घातल्यासारखं वाटलं. घट्ट ग्रीस भरपूर लावलं की खराब गिअरचा आवाज काही काळ दबतो, ही जुनी युक्ती. ते पुसल्यावर खरी परिस्थिती दिसली. एम४ मध्ये जो व्हर्जन २ चा गिअरबॉक्स असतो तो पुढच्या बाजूला, सिलिंडरच्या खिडकीपाशी तडकतो, ही त्याची माहीत असलेली दुखती जागा, आणि तिथेच तडा होता, वरून इपॉक्सी भरून काळा रंग मारलेला. पिस्टनचे दात झिजलेले. स्टील गिअर म्हणून सांगितलेले, ते कंपनीचे आधीपासूनचेच. आणि मॉसफेट, ह्याला तर दाद दिली पाहिजे, वायरवर काळी श्रिंक ट्यूब फुगवून बसवलेली, बाहेरून बघितलं तर वाटतं आत काहीतरी आहे, कापली तर आत फक्त वायरला सोल्डरचा गोळा. दुसरं काही नाही! हॉप-अपचं रबर कडक होऊन चकाकत होतं, पेट्रोलियमवालं स्प्रे ऑइल मारलं की असंच होतं. ओ-रिंगला आणि रबराला फक्त सिलिकॉन ऑइल चालतं, आणि हॉप-अपच्या रबराला तर तेही लागू द्यायचं नाही, तेल लागलं की बीबीला पकड मिळत नाही आणि ती नाकासमोर गळून पडते. बॅरल साफ करताना रॉडला आधी सिलिकॉन लावलेलं आणि शेवटी कोरडं फडकं फिरवा, एवढं पुरतं.

बॅटऱ्यांचं वेगळंच. स्टिकर ११.१ व्होल्टचा, दोन्हींवर. पण लिपोला जो पांढरा बॅलन्स प्लग असतो त्याच्या वायरी मोजल्या तर तीन. तीन सेलच्या म्हणजे ११.१ च्या बॅटरीला चार वायरी असतात, दोन सेलच्या ७.४ ला तीन. स्टिकर कोणीही छापतो, वायरी खोट्या लावायला कोणी बसत नाही. त्यातली एक तर किंचित फुगलेली होती, स्टॉकच्या (गनच्या मागच्या दस्त्याच्या) नळीत दाबून घातलेली म्हणून फोटोत दिसली नाही. फुगलेली लिपो चार्जला लावायची नाही, विषय संपला, आग लागते. विकणाऱ्याकडून प्रत्येक सेलचा व्होल्टेज चेकरवरचा फोटो मागा. सेल फुल असताना ४.२, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास, आणि ३ च्या खाली गेलेला सेल असेल तर ती बॅटरी हिशोबातच धरू नका.

फ्री बीबींचं पाकीट. छापलंय ०.२५. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा मिळाला तर १०० बीबी मोजून ठेवा, ०.२० च्या असतील तर २० ग्रॅम, ०.२५ च्या असतील तर २५ ग्रॅम भरायला पाहिजे. माझ्या पाकिटातल्या २० च्याही खाली, आणि बोटाने फिरवल्या तर मधली शिवण हाताला लागते. अशा बीबी बॅरलमध्ये अडकतात आणि कडक गोष्टीवर आपटल्या की तुकडे होतात, हे तुकड्यांचं लक्षात ठेवा.

आता गॉगल. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

मार्शलने गॉगल हातात घेतला, उजेडात फिरवला आणि विचारलं, मार्किंग कुठाय? पट्ट्यावर झेड८७ लिहिलेला एक स्टिकर होता. लेन्सवर काही नाही, फ्रेमवर काही नाही. अमेरिकन स्टँडर्डच्या गॉगलवर, म्हणजे एएनएसआय झेड८७.१ वाल्यावर, मार्क लेन्सवर आणि फ्रेमवर दोन्हीकडे असतो, कोरलेला किंवा साच्यातूनच आलेला, आणि जोराचा मार सहन करणारा असेल तर झेड८७ च्या पुढे अधिकचं चिन्ह असतं. ते अधिक नसेल तर तो एअरसॉफ्टसाठी नाहीच. स्टिकर म्हणजे काहीच नाही.

युरोपियन ईएन १६६ असेल तर एक अक्षर शोधायचं. तिथे ६ मिलिमीटरचा, ०.८६ ग्रॅमचा स्टीलचा गोळा मारून बघतात, एफ म्हणजे ४५ मीटर प्रति सेकंद, बी म्हणजे १२०, ए म्हणजे १९०. आता हिशोब करा, एफची टेस्ट ०.८७ ज्यूलची झाली, आणि ३५० एफपीएसवाली गन ०.२० वर १.१४ ज्यूल देते. म्हणजे वर्कशॉपमध्ये घालतात ते एफवाले सेफ्टी चष्मे कागदावरच कमी पडतात, त्यात बाजूने फटी असतात आणि बीबी भिंतीवर आपटून बाजूनेच येते. बी म्हणजे ६.२ ज्यूल, तिथे श्वास घ्यायला जागा आहे, आणि तो चेहऱ्याला चिकटून बसणाऱ्या गॉगलवर मिळतो. पूर्ण सील हवं, फोम गालाला कपाळाला सगळीकडे टेकला पाहिजे.

मार्शलने मला तो घालून आत सोडलं नाही, आणि मी नको म्हणायच्या आत (मी म्हणणारही नव्हतो) गॉगल मातीने भरलेल्या पोत्यावर अडकवला, सगळ्यांना मागे घेतलं, सगळ्यांनी डोळ्यावर आपापले गॉगल घातले, आणि मैदानाच्या मर्यादेतल्याच एका गनमधून जवळून मारलं. लेन्सच्या मधोमध चांदणीसारखा तडा. पुढच्या शॉटला तुकडा आतल्या बाजूला पडला, टोकदार. पॉलिकार्बोनेट असं फुटत नाही, त्याला खळगा पडतो, पांढरट डाग येतो. हे ॲक्रिलिक होतं, शोभेचं. आणि ह्याच लेन्सवर तो माणूस मला लिहितो 'मिलिटरीवाले वापरतात'. मिलिटरीवाले!

माझं मत सरळ आहे, गॉगल सेकंडहँड घ्यायचाच नाही, खरा असला तरी. आधीच्या माणसाने तो थिनरने किंवा ॲसिटोनने पुसलाय का हे तुम्हाला दिसत नाही, आणि पॉलिकार्बोनेटला असल्या सॉल्व्हंटने आतून बारीक तडे जातात. आधी किती जोरात मार बसलाय तेही कळत नाही. टेस्ट केलेला गॉगल परत घालायचा नाही, म्हणजे टेस्ट करूनही घेता येत नाही. सेटसोबत आला तर बाजूला काढा आणि त्याचे पैसे किमतीतून वजा करायला लावा. जाळीचे गॉगल धुकं धरत नाहीत म्हणून लोकांना आवडतात, पण मघाशी सांगितले ते बीबीचे तुकडे जाळीतून आत येऊ शकतात, मला तरी डोळ्याला जाळी नको. खालच्या तोंडाला जाळीचा मास्क उत्तम, दात फुटण्यापेक्षा बरा. माझ्या सेटमधला मास्क तेवढा खरा निघाला, अख्ख्या खोक्यात तेवढाच.

पैसे परत मागितले तर काय झालं ते ऐका. आधी म्हणाला, "माझ्याकडे तर ३९० दाखवत होती, ट्रान्सपोर्टमध्ये काही झालं असेल." ट्रान्सपोर्टमध्ये स्प्रिंग बदलते! मग गिअरबॉक्सचा व्हिडिओ पाठवला तर, "तुम्ही उघडलात ना, आता माझी जबाबदारी नाही." म्हणजे उघडल्याशिवाय कळणार नाही आणि उघडलं की हक्क संपला. गॉगलवर तर उत्तर आलं की तो फ्री होता, फ्रीचं काय घेऊन बसलात. त्यानंतर ब्लॉक. जाहिरातही गायब, पण मी आधीच सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, जाहिरातीत गॉगल सामानाच्या यादीत स्पष्ट लिहिलेला आहे, फ्री फक्त बीबी. ते सगळं जोडून ऑनलाइन तक्रार केलीये, पैसे अजून आलेले नाहीत.

घेण्याआधी त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं तर एवढं: उघडून तपासायला किती दिवस, आणि व्हिडिओसह उघडलं तर परतावा चालेल का. क्रोनोचा व्हिडिओ एकाच शॉटचा नको, न कापता दहा सलग शॉट, सुरुवातीला बीबी काट्यावर ठेवलेल्या दिसल्या पाहिजेत. दहा आकड्यांत वरखाली खूप असेल तर आत हवा गळतीये, मग स्प्रिंग कुठलीही असो. शक्य असेल तर सरळ मैदानावर बोलवा, तिथला क्रोनो, तिथल्या बीबी.

आणि सध्या विशेष सांभाळा, कारण तेच फोटो दुसऱ्या नावाने परत फिरतायत. फक्त उलटे करून टाकलेत, आरशात दिसतात तसे, म्हणजे शोधायला गेलं तर जुनी जाहिरात सापडू नये. एम४ ला केसिंग (रिकामं काडतूस) बाहेर पडायची खिडकी उजव्या बाजूला असते, ह्या फोटोंत ती डावीकडे दिसते आणि बॉडीवरची अक्षरं उलटी आहेत, ती त्याने अर्धवट ब्लर केलीत. स्टॉकच्या टोकाला एक लांब तिरपा ओरखडा आहे. ती गन आत्ता माझ्या कपाटात आहे, त्यामुळे तो तुम्हाला नेमकी कुठली पाठवणार आहे देव जाणे.