ग्रीक ईस्टरला कॉर्फू की पॅटमॉस?

2027 ला जायचं ठरवत असाल तर आधी तारीख बघा, ग्रीक लोक पाळतात तो ऑर्थोडॉक्स ईस्टर 2 मेला आहे, आपल्या कॅलेंडरमधला 28 मार्चचा नाही. मग बेट ठरवा.

कॉर्फूला सगळा सण रस्त्यावर. गुड फ्रायडेला एकेका चर्चची मिरवणूक निघते, सोबत बँड शोकाच्या चाली वाजवत जातात. शनिवारी सकाळी बेटाचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत स्पिरिडॉनचं जतन केलेलं पार्थिव शहरातून फिरवतात, आणि मग 11 वाजता घंटा सुरू झाल्या की बाल्कन्यांमधून पाण्याने भरलेली मातीची मडकी धडाधड खाली! मोठी मडकी तर दोघंतिघं मिळून ढकलतात. माझ्यापासून दहाएक हातांवर एक फुटलं, पाणी बुटांपर्यंत आलं, शेजारच्या आजींनी वाकून एक खापरी उचलली आणि माझ्या हातात ठेवली, घरी न्यायची असते, शुभ मानतात. ती अजून माझ्या देवघराच्या फळीवर आहे.

पॅटमॉसला विमानतळच नाही, अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून फेरीबोटीने साधारण 8 तास. इथे गर्दीपेक्षा शांतता. गुरुवारी होरा गावच्या चौकात मठाधिपती 12 संन्याशांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे, आणि पायावर पाणी ओतलेलं ऐकू येतं इतकी माणसं गप्प असतात. वर 1088 चा सेंट जॉनचा मठ, खाली उतारावर ती गुहा जिथे जॉनला बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, 'प्रकटीकरणा'तलं, दर्शन झालं असं मानतात. रविवारी दुपारी मठात बायबलमधला उतारा वेगवेगळ्या भाषांत वाचतात.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी लोकांना हा आठवडा दोन्हीकडे सोपा, कारण ग्रीक लोकांचा स्वतःचाच उपवास असतो, मांस, दूध, अंडी बंद. 'निस्तिसिमा', म्हणजे उपवासाचं, म्हणून मागा, पण विचारून घ्या, कोळंबी आणि ऑक्टोपस त्यांच्या उपवासाला चालतात. शनिवारी मध्यरात्रीनंतर मात्र उपवास सुटतो तो कोकराच्या आतड्याकाळजाच्या सूपने.

मुलं बरोबर असतील, सुट्टी पाचच दिवसांची असेल तर कॉर्फूच. गुडघे दुखणारे आईबाबा असतील तर पॅटमॉसच्या चढाच्या दगडी गल्ल्यांचा विचार करा. पण मला एकदाच जायला मिळालं तर मी पॅटमॉसला जाईन, त्या गुरुवारसाठी. एकाच आठवड्यात दोन्ही बेटं करायच्या फंदात पडू नका, एक देशाच्या पश्चिमेला, दुसरं पार पूर्वेला, सगळा सण प्रवासातच जाईल.