गोळी तीच, पाणी वेगळे : डिशवॉशर टॅब्लेटचा वर्षभराचा अनुभव

आमच्या घरी डिशवॉशर येऊन आता वर्ष होत आले. या काळात पावडर, जेल आणि टॅब्लेट हे तिन्ही प्रकार वापरून झाले आणि रोजच्या वापरात शेवटी टॅब्लेटच टिकली. पुण्यात ओळखीच्या ज्या घरांत हे यंत्र आहे, तिथे भांडी नीट निघाली नाहीत की पहिला दोष टॅब्लेटला दिला जातो आणि लगेच दुसऱ्या कंपनीचे पाकीट मागवले जाते. वर्षभराच्या वापरानंतर माझे मत वेगळे झाले आहे. टॅब्लेट म्हणजे ठरलेले माप; ते चमच्याने कमी-जास्त करता येत नाही. त्यामुळे पाणी, प्रोग्रॅम आणि भांड्यांची मांडणी या बाकीच्या गोष्टी त्या मापाला जुळवून घ्याव्या लागतात, आणि त्यांतही आपल्याकडे पाण्याची बाजू सर्वांत जास्त छळते.

आम्ही बाणेरच्या बाजूला राहतो. सोसायटीला महापालिकेचे पाणी येते; उन्हाळ्यात ते पुरेनासे झाले की टँकर येतात, बोअर चालू होते आणि सगळे पाणी एकाच टाकीत मिसळते. खडकवासला धरणसाखळीतून येणारे पाणी तसे मृदू असते, तर जमिनीखालच्या कातळातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच जास्त असतात. परिणामी तीच टॅब्लेट आणि तोच प्रोग्रॅम असूनही हिवाळ्यात लखलखीत निघणारे काचेचे पेले एप्रिलमध्ये धुरकट दिसू लागतात. मीठ आणि रिन्स एड (शेवटच्या पाण्यात मिसळणारा, भांड्यांवरून पाणी निथळायला मदत करणारा द्रव) यांचेही काम करणाऱ्या म्हणून ज्या टॅब्लेट विकल्या जातात, त्यांच्यातली क्षार बांधून ठेवणारी द्रव्ये एका मर्यादेपर्यंतच पुरी पडतात. अनेक वेष्टनांवर ही मर्यादा २१ जर्मन अंश (पाण्यातल्या या क्षारांचे, म्हणजे कठीणपणाचे, एक माप) अशी दिलेली असते, म्हणजे लिटरमागे सुमारे ३७५ मिलिग्रॅम कठीणपणा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, २०० मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. पिण्यास चालणारे पाणीही टॅब्लेटला झेपेलच असे नाही, ते यामुळे.

म्हणून ‘ऑल इन वन’ टॅब्लेट असली तरी यंत्राच्या तळाशी असलेल्या कप्प्यात डिशवॉशरचे मीठ भरलेले असावे, असे मी आग्रहाने सांगेन. हे मीठ भांड्यांपर्यंत पोहोचत नाही. यंत्रातील ज्या रेझिनमुळे, म्हणजे क्षार पकडून ठेवणाऱ्या बारीक मण्यांमुळे, पाणी मृदू होते, ते रेझिन या मिठाने पुन्हा ताजेतवाने होते. घरातले आयोडीनयुक्त मीठ किंवा बाजारातले खडे मीठ त्याऐवजी घालू नये. पहिल्यात गुठळ्या न होण्यासाठी मिसळलेली द्रव्ये असतात आणि दुसऱ्यात मुळातच कॅल्शियम-मॅग्नेशियमची भेसळ असते. मीठ भरताना थोडे बाहेर सांडतेच, म्हणून भरल्यावर लगेच एक प्रोग्रॅम चालवावा, नाहीतर त्या खारट पाण्याने आतल्या स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात. पाण्याच्या कठीणपणाचे सेटिंग यंत्रातच असते आणि ते वर्षातून दोनदा बदलणे आम्हाला मानवले आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टँकरच्या बिलावरून वाद सुरू झाला की मी ते वाढवतो. पाऊस लागून टँकर बंद झाले की परत खाली आणतो.

पेल्यांवरचा धुरकटपणा क्षारांचाच आहे का, हे ओळखण्यासाठी पेल्यावर थोडे व्हिनेगर चोळून पाहावे. डाग गेला तर तो क्षार. न गेल्यास काचच झिजली आहे असे समजावे, आणि त्यावर उपाय नाही. ही झीज मृदू पाणी आणि जास्त तापमान यांमुळे होते, त्यामुळे हिवाळ्यात सेटिंग उगाच चढे ठेवण्यातही शहाणपण नाही.

आता टॅब्लेट ठेवायची कुठे? दारातल्या झाकणाच्या कप्प्यात. भांड्यांच्या जाळीत किंवा तळाशी टाकून नव्हे. बहुतेक प्रोग्रॅममध्ये आधी साध्या पाण्याची एक धुलाई होते आणि ते पाणी गटारात जाते. मोकळी टाकलेली टॅब्लेट त्याच पाण्याबरोबर अर्धीअधिक वाहून जाते आणि मुख्य धुलाईच्या वेळी हाती काही उरत नाही. कप्पा कोरडा असावा, हातही कोरडे असावेत. टॅब्लेटवरचे पातळ पारदर्शक वेष्टन पाण्यात विरघळणारे असते, ते काढायचे नसते. ओल्या बोटाने ते चिकट होते आणि टॅब्लेट कप्प्याला धरून बसते. खालच्या जाळीत पुढच्या रांगेत परात किंवा मोठे ताट उभे केले, तर कप्प्याचे झाकण उघडताना त्याला अडते. यंत्र थांबल्यावर दार उघडून पाहावे : कप्प्यात एका बाजूने झिजलेली, पिठूळ टॅब्लेट आणि झाकणावर परातीच्या काठाची पुसट रेघ दिसली, तर दोष टॅब्लेटचा नाही.

भांडी आधी विसळून लावावीत की नाही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माझ्या आईला खरकटे भांडे यंत्रात ठेवणे पटत नाही. प्रत्यक्षात टॅब्लेटमधली एन्झाइम भात-वरणातले पिष्ट आणि दूध-अंड्यातली प्रथिने तोडण्यासाठीच असतात, त्यामुळे ताट निपटून, कढीपत्ता आणि आमसुले काढून टाकली की पुरते. नळाखाली धुण्याची गरज नाही. मोहरीकडे मात्र लक्ष ठेवावे. फोडणीतले दाणे तळाच्या गाळणीत साचतात आणि एखादा फिरत्या फवाऱ्याच्या छिद्रात जाऊन बसतो. मग वरच्या जाळीतल्या नेमक्या त्याच बाजूच्या वाट्या मळक्या राहतात. आठवड्यातून एकदा गाळणी काढून धुवावी आणि छिद्रे टाचणीने मोकळी करावीत.

हळदीबद्दलची अपेक्षा मर्यादित ठेवलेली बरी. टॅब्लेट अल्कधर्मी असते आणि अल्कात हळद लालसर होते, म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यावरचा पिवळा डाग कधी कधी धुऊन तांबूस झालेला दिसतो. टॅब्लेटमधल्या ऑक्सिजन ब्लीचमुळे तो फिकट होतो. उरलेला घालवायला डबा दुपारभर गच्चीच्या उन्हात ठेवणे पुरेसे आहे.

अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्रॅमसाठी टॅब्लेट वापरू नये. घट्ट दाबलेली टॅब्लेट तेवढ्या वेळात पूर्ण विरघळतेच असे नाही आणि भांड्यांवर पांढरी पूड राहते. तिथे पावडर उत्तम. तेलकट कढयांसाठी ६५ ते ७० अंशांचा प्रोग्रॅम लावावा, रोजच्या ताट-वाट्यांना ५० अंशांच्या आसपासचा इको पुरतो. तो कित्येक तास चालतो, म्हणून आम्ही रात्री लावतो. अॅल्युमिनियमचा कुकर, लोखंडी तवा, तांब्या-पितळेची आणि कल्हईची भांडी, पोळपाट-लाटणे यांना यंत्रात जागा नाही. अॅल्युमिनियम तर टॅब्लेटमधल्या अल्कामुळे एका धुलाईतही काळवंडते. ही भांडी आमच्याकडे येणाऱ्या मावशीच घासतात आणि यंत्रामुळे त्यांचे काम संपले नाही, एवढेच हलके झाले आहे.

टॅब्लेटची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. ओट्याखाली, सिंकजवळच्या कपाटात उघडे पाकीट ठेवले तर दमट हवेने वेष्टने एकमेकांना चिकटतात, टॅब्लेट फुगतात आणि त्यांतल्या ब्लीचचा जोरही कमी होतो. आम्ही त्या घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या फडताळात ठेवतो. जून ते सप्टेंबर या काळात सवलतीचे मोठे पाकीट न घेता लहानच मागवतो. एका धुलाईचा खर्च पावडरपेक्षा जास्त येतो हे खरे, आणि घरात दोनच माणसे असतील, यंत्र वरचेवर अर्धेच भरत असेल, तर पावडर घेणे अधिक फायद्याचे. तिचे माप भांड्यांच्या अंदाजाने घेता येते. आमच्या पाच माणसांच्या घरात यंत्र रोज भरते, आणि त्या हिशेबात टॅब्लेट बसते.