तळव्याची आग: क्लीट ठेवायची की फ्लॅट पेडलवर यायचं?

नाशिकहून सायकलवर निघून, दिंडोरी मागे टाकून वणीच्या रस्त्याला लागलं की माझा उजवा पाय बोलायला लागायचा. आधी करंगळीशेजारचं बोट बधिर व्हायचं, मग चवड्याखाली कुणी पेटती उदबत्ती टेकवल्यासारखं. वणीत चहाला उतरून बूट काढले की पाच मिनिटांत सगळं गायब. पुन्हा सायकलवर बसलं की अर्ध्या तासात उदबत्ती हजर. ज्यांना हे होतं त्यांना आणखी वर्णन नको, आणि ज्यांना होत नाही त्यांनी हे वाचण्यापेक्षा गंगापूर धरणापर्यंत एक चक्कर मारून यावी.

वर्षभरात चार-पाच जणांनी मला हेच विचारलं. चांगले क्लीटचे बूट, म्हणजे तळाला लावलेल्या पट्टीने पेडलमध्ये अडकणारे बूट, घेऊन आग मिटवावी, की सरळ फ्लॅट पेडल, म्हणजे पाय नुसता वर ठेवायचे सपाट पेडल, लावावेत? मी दोन्ही करून पाहिलंय. क्लीटवर पावणेतीन वर्षं, फ्लॅटवर दीड. मी डॉक्टर नाही, सायकल अंगाच्या मापाला बसवून देणारा बाइक फिटरही नाही, तेव्हा हे फक्त एका माणसाच्या दोन पायांचं म्हणणं समजा.

आग कशाने होते ते दोन वाक्यांत. चवड्यात पाच लांब हाडं असतात आणि त्यांच्या मधून बोटांकडे नसा जातात. पेडलचा दाब हाडांच्या टोकांवर येतो, बूट दोन्ही बाजूंनी आवळतो, उन्हात पाय फुगतो आणि नस मध्ये चेंगरते. जड गिअरवर हळूहळू रेटत चालवणाऱ्यांना जास्त होतं, हेही खरं. म्हणजे पाहायच्या गोष्टी तीन: दाब नेमका कुठे येतो, बूट पुढून किती अरुंद आहे, आणि पाय किती वेळ त्याच जागी आहे. पहिल्या दोन्हींचा इलाज दोन्हीकडे आहे. गाडी अडते ती तिसऱ्यावर.

क्लीटची बाजू आधी मांडतो, कारण मी तिचा भक्त होतो. महाजन बंधूंनी, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र यांनी, २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून आपल्या नाशकात सायकल घेणारा माणूस दुकानातून बाहेर पडतानाच २०० किलोमीटरच्या बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या लांब पल्ल्याचा, हिशेब मांडायला लागला. मुदत साडेतेरा तास, मग क्लीट हवीच. असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पण ज्यांच्या मागे मी धापा टाकत जायचो त्या सगळ्यांच्या पायात ती होती. आणि तिचे गुण खरे आहेत. बुटाचा तळवा इतका कडक असतो की दाब एका ठिकाणी न बसता पसरतो. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत पाय पेडलवरून उडत नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट उभं राहून चढवताना जी खात्री वाटते, ती फ्लॅटवर मला आजही वाटत नाही. कागदावर पाहिलं तर चवड्याच्या दुखण्याला क्लीटचा बूटच बरा, असंच कुणीही म्हणेल.

माझं बिनसलं ते रविवारांवरून.

क्लीटवर आग व्हायला लागली की पहिला सल्ला मिळतो: क्लीट मागे घ्या, टाचेकडे. सल्ला योग्यच आहे. मी चार नंबरची अ‍ॅलन की घेऊन बसलो, बुटाच्या तळव्यावर पेन्सिलीने जुनी जागा आखली, दोन मिलिमीटर मागे घेतली, त्या हिशेबाने सीटही जरा खाली केली. आता फरक पडला का हे कधी कळणार? माझी आग दिंडोरी मागे पडल्याशिवाय कधीच सुरू होत नाही. म्हणजे एका प्रयोगाला एक पूर्ण रविवार. पहिल्या रविवारी आग चौथ्या बोटावरून तिसऱ्यावर आली. दुसऱ्या रविवारी आणखी दोन मिलिमीटर, पण घट्ट करताना क्लीट किंचित फिरली असावी. पाय शांत आणि गुडघा दुखायला लागला. तिसऱ्या रविवारी मावसबहिणीच्या मुलीचं लग्न. चौथ्या रविवारी पाऊस. पाचव्या रविवारी आधीचा रविवार कोणता आणि कोणती रेघ कोणत्या रविवारची, हेच आठवेना. मग बुटातल्या सोलखाली चिकटवायचं मेट पॅड, म्हणजे चवड्याला आधार देणारी छोटी गादी, आणलं. ते हाडांच्या टोकांखाली नाही, त्यांच्या थोडं मागे बसावं लागतं. माझं जेमतेम बोटभर पुढे चिकटलं आणि मी चाळीस किलोमीटर बुटात सुपारी घालून चालवल्यासारखा परत आलो. थांबून काढायचं, पुन्हा चिकटवायचं, पुढच्या रविवारची वाट पाहायची. वही काढून मोजलं तर पाच महिन्यांत अकरा बदल झाले होते. बायकोने विचारलं, "सायकल चालवताय की शिवणकाम करताय?"

उत्तर अगदीच अपघाताने सापडलं. एका पेडलचं बेअरिंग गेलं, आणि मित्राने त्याच्याकडचे मोठे नायलॉनचे फ्लॅट पेडल तात्पुरते दिले. पायात काय घालायचं? पलंगाखाली हरिहर किल्ल्यावर नेतो ते कमी उंचीचे ट्रेकिंगचे बूट होते, तळव्याला बऱ्यापैकी ताठ. तेच चढवून निघालो. वणीच्या अलीकडे उदबत्ती आलीच, ठरल्या वेळी. मी काही न ठरवता पाय दोन बोटं पुढे सरकवला, पेडल चवड्याच्या मागे, कमानीजवळ आलं. वणीची पाटी यायच्या आत आग गेली. परतीला दिंडोरीपाशी पुन्हा चाहूल लागली, तेव्हा पाय थोडा तिरका केला. पुन्हा गेली. जे काम मी पाच महिने अ‍ॅलन की घेऊन करत होतो, ते चालत्या सायकलवर पायानेच करून टाकलं.

मित्राला पेडल परत मिळाले नाहीत. पैसे दिले.

पण फ्लॅट म्हणजे सायकलसोबत आलेले छोटे पेडल आणि पळायचे मऊ बूट, असं समजून कुणी जाऊ नका. तो प्रकार मी त्याआधी केला होता आणि तो क्लीटपेक्षा वाईट. मऊ तळव्यातून पेडलची कड थेट चवड्यात टोचते. पेडल तळहातापेक्षा मोठं हवं, वर पिना हव्यात, आणि बूट हाताने दुमडताना थोडा तरी विरोध करायला हवा. पिनांचं देणंही आहे: माझ्या डाव्या नडगीवर चार ठिपक्यांची रांग कायमची आहे, सातपूरच्या सिग्नलला घाई केल्याची. वेगाचं म्हणाल, तर घरापासून त्र्यंबकला मला क्लीटवर लागायचा तेवढाच वेळ लागतो, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे, आणि त्यात वाऱ्याचा वाटा किती हे मला सांगता येणार नाही. मिसळ खायला थांबल्यावर शहाबादी फरशीवर टकटक करत, घसरत, भिंत धरून चालावं लागत नाही, हा वरचा फायदा.

तर ठरवायचं कसं? शर्यतीत उतरत असाल, ग्रुपमध्ये शेवटचे पाच किलोमीटर जीव तोडून पळवायचे असतील, किंवा क्लीटवर तुमचा पाय आज शांत असेल, तर चांगलं चाललेलं मोडू नका. चांगला बाइक फिटर हाताशी असेल तर माझे रविवार तुमच्यावर येणारही नाहीत. पण माझ्यासारखे आठवड्यातून एकदा लांब जाणारे असाल आणि आग बरंच अंतर गेल्यावरच येत असेल, तर मला वाटतं फ्लॅटला महिनाभर संधी द्यायला हरकत नसावी. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा राहत असेल किंवा शुगर असेल, तर मात्र पेडलचं नंतर, आधी डॉक्टर.

आणि तरीही क्लीटच घ्यायची असेल, तर बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभराने पाय फुगलेला असतो तेव्हा. जाड मोजे घालून बोटं पुढे मोकळी हलतात का ते पाहा. आणि क्लीट दोन-दोन मिलिमीटरने मागे नेत बसू नका. पहिल्याच दिवशी बुटाच्या तळव्यातली खाच संपेपर्यंत मागे घ्या, सीट थोडी खाली करा आणि तिथून लागेल तशी पुढे आणा. तीन रविवार तरी वाचतील.